लौकिकाचा पुरावा

गेल्या आठवड्यात गावाकडे धाकट्या काकांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. पाच एचपीची, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. तक्रार द्यायला मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. मोटार कुठल्या कंपनीची, पावती आहे का, कुलूप तोडलं की कडी उचकटली, हे सगळं नंतर विचारलं गेलं. पहिला प्रश्न होता, "जवळपास पालं उतरलीत का?"

काका म्हणाले, "ओढ्याच्या पलीकडं आहेत चार-पाच." अंमलदारांनी मान हलवली आणि पेन उघडलं. मी काकांना विचारलं, "त्यांच्यापैकी कुणाला विहिरीकडं पाहिलंत का तुम्ही?" काका म्हणाले, "नाही बाबा. पण सगळ्यांना माहीत आहे ना ते काय करतात."

सगळ्यांना माहीत आहे. काका मनाचे वाईट नाहीत. दुष्काळात त्यांनी याच पालांना आपल्या विहिरीचं पाणी दिलेलं मी पाहिलं आहे. तरीही ते तीन शब्द त्यांच्या तोंडून किती सहज निघाले! 'सराईत' या शब्दावर मी इथे लिहिलं होतं, तेव्हा काही वाचकांनी कळवलं की गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीच गेला, आता जुनी मढी कशाला उकरता. त्यांना आज उत्तर देतो.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे नाव या स्तंभात नवं नाही. १८६९ ते १८७२ हा माणूस व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होता. दंडसंहितेत राजद्रोहाचं १२४अ हे कलम त्याने १८७० मध्ये घातलं. त्याच कलमाखाली टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, म्हणून मराठी माणसाला ते कलम पाठ आहे. आपण त्यावर भाषणं केली, पोरांना धडे दिले. पण त्याच स्टीफनने पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो मात्र आपल्या पाठांतरात नाही. मला याचं एकच कारण दिसतं. त्या कायद्याने ज्यांच्या दंडाला धरलं, ते आपल्या नात्यातले नव्हते.

१८७१ चा कायदा आणि त्याच्या पाच महिन्यांनंतर, मार्च १८७२ मध्ये, याच स्टीफनने करून घेतलेला पुराव्याचा कायदा, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असं मी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे. पुराव्याच्या कायद्याचं ५४ वं कलम म्हणतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं चालचलन वाईट आहे ही गोष्ट गैरलागू आहे. आपलं चालचलन चांगलं असल्याचा पुरावा त्याने स्वतःच पुढे केला, तरच ती उघडता येते. हे थोर कलम आहे, मी मनापासून म्हणतो. माणूस कसा आहे हे विचारू नका, त्याने हे कृत्य केलं का तेवढं विचारा. चोरीचा खटला असेल तर ती चोरी सिद्ध करा. गावात त्याचं नाव खराब आहे, बाप दारुडा होता, भाऊ जेलात आहे, यातलं काहीही न्यायाधीशाच्या कानावर घालायचं नाही.

आता पाच महिने मागे या. १८७१ चा कायदा म्हणतो की एखादी अख्खी जमात गुन्ह्याच्या सवयीची आहे असं सरकारला वाटलं, तर सरकारने तशी अधिसूचना काढावी. मग त्या जमातीच्या माणसांची नावं नोंदवहीत चढवावीत. त्यांनी हजेरी द्यावी, परवान्याशिवाय हद्द ओलांडू नये. ओलांडली तर वॉरंटशिवाय अटक. आणि ही अधिसूचना बरोबर की चूक, हे कुठल्याही न्यायालयाने विचारायचं नाही! तसं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. इथे कृत्य लागतच नव्हतं. चालचलनसुद्धा लागत नव्हतं. जन्म पुरत होता. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या लेकरालाही आईबापापासून तोडून सुधारगृहात टाकायची सोय केली. चार वर्षांच्या पोराचा गुन्हा कोणता? त्या कायद्याच्या लेखी त्याचा जन्म.

लेखणी एक, हात एक, मधे फक्त पाच महिने. काही अभ्यासक म्हणतात की स्टीफनच्या डोक्यात विसंगती होती. मला तसं वाटत नाही. त्याने न्यायाला दोन दारं ठेवली. ज्याला नाव, गाव, घर, जमीन आहे, त्याच्यासाठी ५४ वं कलम. ज्याचं घर पाल आहे आणि गाव रोज बदलतं, त्याच्यासाठी नोंदवही.

आधी हा कायदा उत्तरेकडेच लागू होता. १९११ मध्ये नवा कायदा आला आणि मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. नोंदवहीत नावाबरोबर बोटांचे ठसे आले. सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, तिथली माणसं गिरण्यांत राबली. त्या भागाला सोलापूरकर अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. तार कधीच गेली, नाव राहिलं.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो आणि पाळलाच पाहिजे. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. न्यायाने बोलायचं तर हा कायदा जमात पाहत नाही, माणूस पाहतो, आणि नाव नोंदवायला आधी न्यायालयात शिक्षा झालेली असावी लागते. फरक मोठा आहे आणि तो मला मान्य आहे. नोंदवही मात्र तीच, ठसे तेच, हालचालींवरची बंधनं तीच.

खरी अडचण आणखी एका कलमात आहे, आणि काकांचे ते तीन शब्द मला तिथेच पुन्हा भेटले. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ११० वं कलम सवयीच्या गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याबद्दल आहे. ठाण्याच्या भाषेत चॅप्टर केस. १८९८ च्या संहितेत ते ११० होतं, १९७३ च्या संहितेत ११० च राहिलं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२९ झालं. माणूस सवयीचा गुन्हेगार आहे हे सिद्ध कसं करायचं? त्याचं उत्तर १९७३ च्या संहितेत ११६ व्या कलमात होतं, आता १३५ व्या कलमात आहे : सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्याने. म्हणजे चारचौघांनी उभं राहून सांगायचं की हा तसलाच आहे, सगळ्यांना माहीत आहे.

त्याच १ जुलैला लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या ४९ व्या कलमात स्टीफनच्या ५४ व्या कलमाचं तत्त्व कायम आहे. वाईट चालचलन गैरलागू. वसाहतीचे कायदे मोडीत काढले असं आपल्याला त्या दिवशी सांगण्यात आलं. दोन्ही दारं मात्र शाबूत आहेत, वरचे नंबर तेवढे बदलले.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये, असंही त्या निकालात पोलिसांना बजावलं आहे. निकाल वाचून मला समाधान वाटलं. पण अंमलदारांच्या टेबलाशी तो पोचलेला मला दिसला नाही. माझ्यापाशी आकडे नाहीत. मात्र वीस वर्षं ठाण्यांच्या बाकांवर बसून माझी खात्री झाली आहे की छोट्या चोरीत आपल्याकडे तपास होतच नाही, फक्त ओळखीचं नाव शोधलं जातं. पाल सगळ्यात जवळ असतं, तिथे वकील नसतो, आणि उचललेल्या माणसासाठी ठाण्यासमोर गर्दी जमत नाही. मोटार विकत घेणारा भंगारवाला कोण, हे शोधायला चार दिवस लागतात. पाल शोधायला दहा मिनिटं.

काकांच्या तक्रारीत संशयिताचा रकाना होता. अंमलदार लिहिणार, तेवढ्यात मी काकांचा हात धरला आणि म्हटलं, "पाहिलं असेल तेवढंच सांगा." काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पाहिलं तर काहीच नाही." रकान्यात 'अज्ञात' लिहिलं गेलं. अंमलदार नाराज झाले. परत येताना काकाही नाराजच होते. मोटार अजून सापडलेली नाही.

वाचकहो, कायद्यातला तो सर्वसाधारण लौकिक सरकार तयार करत नाही. तो आपल्या ओट्यावर, आपल्या बांधावर तयार होतो आणि आपल्याच तोंडून ठाण्यात जातो. १३५ व्या कलमातली ती ओळ काढायला संसद लागेल, आणि तसं आपल्या खासदाराला लिहा. तोवर कधी तक्रार द्यायची वेळ आली आणि पालांबद्दल विचारलं गेलं, तर डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच सांगा. पाहिलं नसेल तर संशयिताच्या रकान्यात 'अज्ञात' लिहायला लावा आणि ते लिहून झाल्याशिवाय सही करू नका.