ओरडण्याची सवय कोणाला लागते?

वर्गात गलका वाढतो. आपण टेबलावर डस्टर आपटतो, आवाज चढवतो. क्षणात शांतता. दहा मिनिटांनी पुन्हा गलका, पुन्हा डस्टर. यात शिकले कोण?

डी.एड.ला आपण साधक अभिसंधान, म्हणजे परिणामानुसार वर्तन पक्के होते किंवा घटते हा नियम, पाठ केले ते मुलांसाठी. तो नियम आपल्यालाही लागू आहे, हे तिथे कोणी सांगितले नाही. नकोसा गलका थांबणे हे आपल्या ओरडण्याला मिळालेले ऋण प्रबलन आहे. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे; शिक्षेने वर्तन घटते, ऋण प्रबलनाने वाढते. मुले घटकाभर गप्प बसतात, आपले ओरडणे मात्र वर्षानुवर्षे पक्के होत जाते. चांगल्या, मायाळू शिक्षकांचेही असे होते, म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

मुलांच्या बाजूने पाहिले, तर ओरडणे ही शिक्षाच; पण तिचा जोर कमी. 1898 मध्ये मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनेच पुढे आपला परिणामाचा नियम दुरुस्त केला. बक्षिसाने वर्तन जितके घट्ट होते, तितके ते शिक्षेने सैल होत नाही, असे त्याला आढळले. शिवाय, शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी गेली, पण सर्वांदेखत केलेला पाणउतारा अजून गेलेला नाही.

मग बक्षिसे वाटावीत का? तिथेही जपून. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुले निवडली, ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत ही मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिले होते, त्यांची गोडी टिकून होती. म्हणजे घात बक्षिसाने नव्हे, आधी घातलेल्या अटीने केला. पाढ्यांचा कंटाळा असलेल्या मुलाला सुरुवातीला चांदणी जरूर द्या. आपणहून गोष्टीचे पुस्तक उघडणाऱ्याला मात्र तिचे आमिष दाखवू नका.

या महिन्यात एक करून पाहा. आठवडाभर, आवाज चढला की वहीत वेळ लिहा आणि त्याआधीच्या पाच मिनिटांत वर्गात काय चालले होते तेही. नोंदी आमच्याकडे पाठवा. नावे न देता त्या पुढच्या अंकात छापू.