लपविलेला पंप

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास आमच्या हैदराबादेत नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानाकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. लहानशा जिवंत मरळीच्या तोंडात औषध घालून ती दम्याच्या रोग्याला गिळावयास देतात. मासा वर्ज्य असणाऱ्यांसाठी गुळाची सोय असते. ही प्रथा १८४५ पासूनची आहे असे ते देणारे घराणे सांगते, आणि त्याबद्दल पैसा घेतला जात नाही.

त्या गर्दीला हसण्याचे धाडस मला होत नाही. रात्रभर धापा टाकणाऱ्या लेकराला ज्याने उराशी धरून बसविले आहे, तो कोणी सांगेल ते करील. माझी तक्रार निराळी आहे. मृगाला मासा गिळून आलेली कित्येक मुले पुढच्या मृगापर्यंत डॉक्टरचे तोंड पाहत नाहीत. बालपणीचा दमा पुष्कळ मुलांत वय वाढेल तसा आपोआपच सौम्य होतो. मग जो उपाय शेवटी केला असेल त्याला यश मिळते, आणि ज्यांचा दमा तसा सौम्य होत नाही त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

गेल्या सहलीत गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढताना आठवीतला एक मुलगा मध्येच खाली बसला. छाती भात्यासारखी हलत होती. पंप त्याच्याजवळ होता, पण दप्तराच्या तळाशी, पायमोज्यात गुंडाळलेला! ‘चारचौघांत काढू नकोस’ अशी घरची ताकीद होती. दोन-तीन फवारे घेतल्यावर तो हळूहळू बोलू लागला. त्या काही मिनिटांत माझ्या मनाची काय अवस्था झाली, ते लिहीत नाही.

ही लाज कशाची? ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ अशी समजूत सुशिक्षित घरांतही आहे. गोळी मात्र चालते! वस्तुतः साल्ब्युटामॉलची दोन मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे शंभर मायक्रोग्रॅमचे वीस फवारे. गोळी पोटातून सर्व अंगभर फिरते, फवारा थेट श्वासनलिकांत पोहोचतो. म्हणून थोडक्यात काम भागते. लहान मुलांना तो नळीवजा स्पेसर लावून घेता येतो.

परंतु केवळ आराम देणारा पंप हाताशी असणे म्हणजे उपचार नव्हे. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. ती उतरविण्याचे औषध निराळे असून बहुधा ते नेमाने, खोकला नसतानाही, घ्यावे लागते. कोणते, किती आणि केव्हा कमी करावयाचे, हे ठरविण्यासाठीच तज्ज्ञ हवा. प्रत्येक सर्दीला तज्ज्ञ गाठा असे मी म्हणत नाही. पण मूल रात्री खोकल्याने वारंवार उठते, खेळताना मागे राहते, किंवा एकदा जरी धापेमुळे रुग्णालयात ठेवावे लागले, तर विलंब करू नये. साधारण पाच-सहा वर्षांपुढील मुलाला नळीत जोराने फुंकावयास लावून श्वासाचे मोजमाप घेता येते. त्वचेवर सूक्ष्म टोचणी करून धुळीतले किडे, परागकण, झुरळे यांपैकी कशाचे वावडे आहे याचा अंदाज येतो. मात्र चाचणीत पुरळ उठले म्हणजे त्या वस्तूने दमा होतोच असे नाही, आणि तो अर्थ लावणे हेही तज्ज्ञाचेच काम. आमच्याकडे कसलीही चाचणी न करता दही, केळे, पेरू बंद होतात. गादी-उशांतील धूळ तशीच राहते.

खर्चाची अडचण खरी आहे. नीलोफर रुग्णालय मुलांसाठी आहे, एर्रागड्ड्याचे सरकारी रुग्णालय छातीच्या विकारांसाठी आहे. तेथे रांगेत दिवस मोडतो, हे मान्य. नामपल्लीची रांगही काही लहान नसते.

सहलीच्या संमतिपत्रावर ‘मुलाला दमा आहे काय, पंप कोठे ठेवला आहे’ एवढी एक ओळ यंदापासून छापावी, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.