पानांचे घागरे

भोईवाडा, परळ, लालबागच्या बालवाड्यांत स्नेहसंमेलन आले की ‘आदिवासी नृत्य’ ठरलेले. चार वर्षांच्या पोरांना काळे फासायचे, कमरेला पाने बांधायची, डोक्यात पिसे खोचायची आणि हुर्र हुर्र करीत नाचवायचे. आमचा याला विरोध आहे. ‘अहो, लहान मुले, गंमत असते’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. माणूस कोण आणि सोंग कोण, हे मूल याच वयात शिकते.

आणि हे दादरच्या शेजारी घडावे! दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात नेली. महागडी साधने सोडून बिया, पाने, शिंपले, खडे घेतले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. त्यांच्या कामात ‘सुधारणे’चा वरचा सूर होता, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण त्यांनी मुलाच्या अंगणात पाय ठेवला होता.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आणली. अंगणवाडी हे नाव घेतले, अंगण टाकले. घरी वारली, कातकरी, कोरकू बोलणारे मूल प्रमाण मराठीपुढे गप्प बसते, आणि गप्प मूल ‘मंद’ ठरते.

यावर नवा तोडगा म्हणजे भिंतीवर वारली चित्रे! लग्नाचा चौक लिहिण्याचा मान वारल्यांत सवाशिणींचा. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. सत्तरच्या दशकात चित्र कागदावर उतरले, बाजारात गेले, आणि नाव पुरुषांचे झाले. भिंत रंगवताना हे सांगतो कोण?

न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, उभी केली. तिथे घरच्या आज्या मुलांशी माओरीतच बोलतात. संस्कृती तक्त्यावर टांगलेली नसते, ती बोलणाऱ्या बाईबरोबर येते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मातृभाषेचा जप करते. पण ती बोलणार कोण? पाड्यावरची सेविकाच ना? तिला पगार नाही, मानधन आहे. वजने, आहारवाटप, रजिस्टरे, मोबाइलवरच्या नोंदी, यांतून उरेल त्या वेळात तिने गोष्ट सांगायची! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना संपावर जावे लागले. संस्कृतीच्या गप्पा मारणाऱ्या किती शिक्षणतज्ज्ञ बाया तेव्हा त्यांच्याबरोबर रस्त्यावर होत्या?

मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीतल्या बालवाडीत जा. काळा रंग आणि पिसे बंद करायला सांगा. आरे कॉलनीत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारली बाया राहतात, मुंबईतच. त्यांना बोलवा. त्या रानभाज्या ओळखायला शिकवतील, त्यांच्या बोलीत गोष्ट सांगतील. आणि गाडीभाड्यासकट दिवसाची मजुरी त्यांच्या हातात ठेवा. समाजसेवा म्हणून फुकट राबवू नका.