‘ग्रुपवर टाकलं होतं’

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की उमरखेड तालुक्यात कबड्डी-खो-खोच्या संघांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. सामन्याची तारीख, गाडीची वेळ, आधार आणि बोनाफाईडच्या झेरॉक्स, सगळे निरोप त्यावरच. सोय मोठी आहे, हे मान्यच. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन वयोगट, मुलामुलींचे वेगळे संघ, आणि सारे बहुधा एकाच क्रीडाशिक्षकाच्या अंगावर. जिल्हा स्पर्धा यवतमाळला असली तर प्रवासच शंभर किलोमीटरहून जास्त. पावसाने सामना पुढे गेला तर तो निरोप रातोरात गावोगावी जायला हवा. माझा आक्षेप ग्रुपला नाही. एखादी मुलगी सरावाला आली नाही की जे वाक्य ऐकू येते, ‘ग्रुपवर टाकलं होतं’, त्याला आहे. निरोप पोहोचवण्याची जबाबदारी या एका वाक्याने मोठ्यांकडून चौदा वर्षांच्या पोरीवर ढकलली जाते, आणि त्यासाठी लागणारा फोन तिच्या हातात नसतो.

शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. त्यात जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. इथेच थांबले तर प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे, असे विचारल्यावर मुलग्यांत सुमारे 44 टक्के आणि मुलींत सुमारे 20 टक्के असे उत्तर आले. फोन घरात आहे, पण बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. बाप वावरात, भाऊ पुसदला कॉलेजात. दुपारी टाकलेला निरोप मुलीला रात्री कळतो, कधी कळतच नाही. पैनगंगेकडच्या, ‘बंदी भाग’ म्हणतात त्या जंगलपट्ट्यातल्या गावांत तर रेंजचाही भरवसा नाही. तिथल्या मुलीचे दोन सराव चुकले की ‘नियमित येत नाही’ असा शेरा बसतो आणि संघ निवडताना तोच आडवा येतो. चढाईत ती कुणाला ऐकणार नाही, पण फोन कुणाच्या नावावर आहे हे निवडयादीत उतरलेले असते.

निळ्या खुणांवरून कोणी वाचले ते कळतेच की, असे यावर सांगितले जाते. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या खुणा निळ्या होत नाहीत, आणि मेसेजची माहिती उघडली तर वाचणाऱ्यांची नावेही दिसतात. ती यादी उघडून पाहावी, राहिलेल्या घरी फोन लावावा, एवढेच तर मागणे आहे. शिवाय खूण निळी झाली तरी वाचले ते बापाने. म्हणून तोच निरोप शाळेच्या फलकावर लिहावा, परिपाठाच्या वेळी पुन्हा सांगावा. शिक्षकांना आधीच ऑनलाइन माहिती भरण्यातून डोके वर काढता येत नाही, त्यात ही भर कशाला, ही तक्रार रास्त आहे. पण हे काम शिक्षकांनीच केले पाहिजे असे नाही. कबड्डीचा संघ राखीव खेळाडू धरून बारा जणींचा. कर्णधार आणि एक पालक मिळून बारा घरांची खात्री करू शकतात.

मग प्रत्येक मुलीलाच थेट मेसेज का करू नये? ही सूचना सोपी वाटते आणि मला तीच सर्वांत धोक्याची वाटते. व्हॉट्सॲपच्या अटींप्रमाणेच किमान वय 13 आहे, आणि 14 वर्षांखालच्या संघात त्याहून लहान मुली असतात. दुसरे असे की प्रशिक्षक आणि अल्पवयीन खेळाडू यांच्यातले खासगी बोलणे कोणाच्याच नजरेत नसते. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्समधले लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर ‘सेफस्पोर्ट’ केंद्राने नियम घातला की प्रशिक्षकाने मुलांना पाठवलेल्या मेसेजमध्ये पालक किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती असलीच पाहिजे. बहुसंख्य प्रशिक्षक निर्मळ मनाने शिकवतात. असा नियम त्यांनाही खोट्या संशयापासून वाचवतो. आपल्याकडे त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको. ग्रुप पालकांच्या नंबरांचा करावा, त्यात एक शिक्षिका असावी आणि फक्त ॲडमिननेच लिहावे. ही सोय ॲपमध्ये 2018 पासून आहे.

अशाने संघातली गंमत जाईल, असे काहींना वाटते. मैत्री सरावात आणि एसटीच्या मागच्या बाकावर जमते, तिथे कोणी ॲडमिन नसतो. उलट सगळ्यांनाच लिहिता येते अशा, पालकांनी भरलेल्या ग्रुपवर ‘शेवटची पकड कुणी सोडली’ याची चर्चा रंगते तेव्हा ज्या मुलीबद्दल ती चालते, तिला उत्तर देता येत नाही. फोन तिचा नाही. निवडयादीही ग्रुपवर टाकू नये, असे मी म्हणते ते याचसाठी. नाव नसल्याचे भावाच्या तोंडून कळलेली मुलगी ‘का नाही?’ हे कुणाला विचारणार? यादी मैदानावर वाचली, प्रत्येकीला कारण सांगितले, पुढच्या चाचणीपर्यंत काय सुधारायचे ते दाखवले, तर ती पुढच्या हंगामात पुन्हा मैदानावर येण्याची शक्यता तरी राहते.