आम्ही फक्त लाभार्थीच का?

आमच्या नेरला समुद्र नाही. कापूस, तूर, सोयाबीन हेच इथले जग. मग सागरी मत्स्यसंशोधनाशी नेरच्या तरुणांचा संबंध काय, असे कुणीही विचारील. आमच्या मते, संबंध नाही असे आपल्याला आजवर पटवून देण्यात आले, हेच खरे दुखणे आहे.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. या संस्था जनतेच्या पैशावर चालतात. त्या पैशात नेरच्या शेतमजुराने काडीपेटीवर भरलेला करही आहे.

कोकणच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून कालवे, तिसऱ्या, शिणाणे वेचणाऱ्या बहुतेक बायाच. कोणत्या खडकावर कालव धरते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. शिंपले पाणी गाळून जगतात. म्हणून कारखान्याचे विष आणि शहराची घाण त्यांच्या अंगात साठते. ते विष मोजण्याची विद्या मात्र प्रयोगशाळेत आहे. कष्ट एकीकडे आणि विद्या दुसरीकडे, ही जुनीच वर्णव्यवस्था नव्हे काय?

आज अनुसूचित जाती उपयोजनेतून अशा संस्था आपल्या लोकांना प्रशिक्षण आणि साहित्य देतात. ते जरूर घ्यावे, तो हक्क आहे. पण आम्ही विचारतो, जाळे घेणाऱ्यांच्या रांगेत आम्ही, मग जाळ्यावर संशोधन करणाऱ्यांत आम्ही किती?

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला व कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. उलट १९७५ च्या केंद्राच्या आदेशाने 'अ' गटातील सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची संशोधनाची वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा दिली. म्हणजे पहिल्या पायरीवर आरक्षण आणि माडीवर 'गुणवत्ता'! संशोधनाचे विषय ठरतात ते माडीवर.

हा आदेश रद्द करा, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. पण पहिल्या पायरीवर आपली मुलेच पोचली नाहीत, तर माडीचे भांडण कोण भांडणार? नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. बारावी विज्ञानानंतर तिथे जाता येते, पुढे वर्सोवा आणि मग कृषी संशोधन सेवेची परीक्षा. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, पण तिथे तलाठी आणि पोलीस भरतीपलीकडे फारशी चर्चा होत नाही. या वाटेची माहिती तिथे एक तास तरी सांगा.

महाडला १९२७ साली आम्ही पाण्याला हात लावला. आता त्या पाण्याच्या विद्येवर हक्क सांगायचा आहे. समुद्र नेरपासून दूर आहे खरा, पण चवदार तळेही कधी गावातल्या गावात दूरच होते.