घरचा धंदा सांगायला लाजू नये



मला आज एक मत मांडायचे आहे. आपल्या घरचा धंदा सांगायला लाजू नये.

आमच्या घरी खोटे मासे बनवतात. ते खायचे नाहीत, गळासाठी आहेत. आजोबा पांगाऱ्याचे लाकूड आणतात, कारण ते हलके असते. बाबा सुरीने मासा कोरतात आणि पॉलिश पेपरने घासतात. आई डोळे रंगवते. मी अंगावर चॉकलेटची चांदी चिकटवतो. मग पोटाखाली गळ लावतात. खाडीतला जिताडा त्याला खरा मासा समजतो आणि गपकन धरतो.

गेल्या वर्षी बाईंनी वर्गात प्रत्येकाला वडिलांचे काम विचारले. मागून एक मुलगा म्हणाला, "याचे बाबा लाकडाची खेळणी करतात." सगळे हसले. मग मी उभा राहून "शेती" असे सांगितले. आम्हाला शेतच नाही.

बाईंना ते माहीत होते, पण त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिनलंड देशातली गोष्ट सांगितली. हा देश युरोपात उत्तरेला आहे. तिथे तळी पुष्कळ आहेत. तिथे लाउरी रापाला नावाचे एक गरीब मच्छीमार होते. त्यांनी होडीतून नीट बघितले, की मोठा मासा थव्यातल्या कुठल्याही माशामागे जात नाही. जो दुखावल्यासारखा डुलत पोहतो, त्यालाच तो धरतो. म्हणून त्यांनी १९३६ साली बुचाचा मासा कोरला. आणि त्याला काय लावले? चॉकलेटची चांदी! वरून फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून थर दिला. तो मासा अगदी तसाच डुलत पोहला. पुढे त्यांची मुलेही या कामात आली. १९६२ साली अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकात त्यांची माहिती छापून आली आणि मागणी फारच वाढली. लाउरी १९७४ साली वारले, पण त्यांच्या नावाचे मासे आजही जगभर विकले जातात.

हे ऐकून मला माझीच लाज वाटली.

कुणी म्हणेल, दुकानातले मासे जास्त चकचकीत असतात. असतील. पण मासा कसा पोहतो तेच जिताडा बघतो. आणि घरचे आहे म्हणून वाईट वस्तूलाही चांगले म्हणा, असे मी म्हणत नाही. बाबा प्रत्येक मासा पाण्यात ओढून बघतात. उलटा झाला तर "ह्यो नाय चालाचा" म्हणतात आणि सरळ चुलीत टाकतात. माझी चांदी वाया जाते, मला वाईट वाटते. पण बाबांचे बरोबर आहे. काम नीट केले म्हणूनच त्याला मान मिळतो.

आपल्या वर्गात कुणाचे बाबा मडकी करतात, कुणाची आई पापड लाटते, कुणाचे आजोबा जाळी विणतात. कुणी विचारले तर मोठ्याने सांगा. ज्याला हसायचे असेल त्याने आधी एक मासा कोरून दाखवावा.

आज बाबा सभेला येणार आहेत. ते हे वाचतील. बाबा, मी "शेती" सांगितले ते खोटे होते. आता कुणीही विचारले तरी मी खरे सांगेन.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी