सशाच्या आकाराचा भात

कप्प्याकप्प्यांचा प्लास्टिकचा डबा, त्यात सशाच्या आकाराचा भात, काळ्या तिळांचे डोळे, गाजराचे फूल, आणि झाकण लावण्यापूर्वी टिपलेले छायाचित्र: एवढ्या सामग्रीवर ‘बेंतो’ नावाचा एक नवा गृहधर्म आपल्याकडे रूढ होऊ पाहतो आहे. पुण्यामुंबईचे खूळ म्हणून त्याची बोळवण करण्याची सोय आता उरलेली नाही. नगरलगतच्या केडगावातही (दौंडकडचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव निराळे, आमचे देवीचे) असले डबे दप्तरांत दिसतात. याच पुणे रस्त्यावर पुढे सुपे आहे, जपानी उद्योगांसाठी योजलेल्या वसाहतींच्या यादीतले; पण डबा तिथून आलेला नाही, तो मोबाइलच्या पडद्यावरून आला. मुलांनी पौष्टिक खावे, हसत खावे, यात वावगे ते काय, असे विचारले जाईल. आमचा आक्षेप गाजराला नाही. जपानची अर्धीच गोष्ट उचलण्याला आहे, आणि तीही नेमकी नको ती अर्धी.

साहित्याच्या वर्गांत जपानी अन्न येते ते बहुधा रोलाँ बार्थच्या ‘एम्पायर ऑफ साइन्स’मधून (१९७०). केंद्र नसलेले ताट, तुकड्यांची लीला, चिन्हांचा उत्सव वगैरे. ते वाचून मोहरून जाणाऱ्यांनी त्यासोबत ॲन ॲलिसन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंचा १९९१ सालचा निबंधही वाचावा. त्यांचा मुलगा जपानी बालवाडीत जात होता, म्हणजे डबा भरण्याचे काम त्यांच्याच हातचे होते. अल्थुसरची विचारप्रणालीच्या राज्ययंत्रणेची संकल्पना त्यांनी थेट या डब्याला लावली. डबा वेळेत आणि पूर्ण संपवणे ही मुलाची परीक्षा, तो देखणा भरणे ही आईची, आणि परीक्षक शाळा. गोजिरेपणा हा इथे शिस्तीचा मुलामा आहे. बार्थला दिसला नाही तो पहाटे उठून समुद्रशेवाळाच्या कागदातून डोळे कातरणारा हात. आपल्याकडेही हा हात जवळजवळ नेहमी बाईचाच असतो. सुबक डब्याबद्दल बापाची पाठ थोपटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता उरलेली अर्धी. जपानमधल्या बहुतेक प्राथमिक शाळांत मुले एरवी घरून डबा आणतच नाहीत. तिथे ‘क्युशोकु’ असते, म्हणजे शाळेचे सामाईक जेवण. त्याचा आरंभ १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी, एका देवळातल्या शाळेत, गरिबांच्या मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचे देण्यातून झाल्याचे सांगतात. १९५४ साली त्यासाठी कायदा झाला. पांढरे डगले आणि टोप्या घातलेली मुलेच आळीपाळीने इतरांना वाढतात, सगळ्यांच्या पुढ्यात एकच पदार्थ असतो, आणि शिक्षकही वर्गातच तेच जेवतात. याचे छायाचित्र कुणी हौसेने पाठवत नाही. त्यात मिरवण्यासारखे ‘आमचे’ काही नसते ना.

पौष्टिकतेचा मुद्दाही तपासून पाहावा. ससा होतो तो चिकट भाताचा. कोलमाचा होत नाही, मग त्याला चीज लावून चिकटवायचे. नगर जिल्हा ज्वारी-बाजरीचा. भाकरीचा ससा कापता येत नाही, मटकीच्या उसळीला मिशा काढता येत नाहीत, आणि शेंगदाण्याची चटणी छायाचित्रात चिखलासारखी दिसते. म्हणून ती डब्यातून जाते. जे चांगले दिसत नाही ते डब्यात नको, हा नियम एकदा मान्य केला की ते कुणाच्या घरचे अन्न आहे हेही ओघाने ठरते. शाहू पाटोळ्यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ज्या स्वयंपाकाची नोंद केली, त्याला आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत पान मिळाले नव्हते. नव्या डब्यात त्याला कप्पाही नाही. जातीची ओळख पूर्वी डबा उघडल्यावर वासाने होई, आता ती आकाराने होईल, एवढीच काय ती प्रगती.

आपल्या भाषेत डब्याच्या आधीचा शब्द शिदोरी. आणि संतवाङ्मयात शिदोरीचे प्रयोजन एकच, ती सोडून इतरांच्या शिदोरीत कालवणे. काल्याचे अभंग शिकवताना आपण समतेवर तासभर बोलतो. काल्याच्या कीर्तनानंतर गावोगाव पंगती निराळ्या बसत, हे आम्ही विसरलेलो नाही. तरी मिसळण्याची कल्पना निदान भाषेत तरी होती. बेंतोत मिसळणे हा दोष आहे. रस्सा कप्पा ओलांडता कामा नये. कित्येक शाळांनी तर डबा वाटून खाण्यालाच बंदी केली आहे, कारण म्हणून ॲलर्जी सांगतात.

क्युशोकुच्या जवळपास जाणारी गोष्ट आपल्याकडे नाही असे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली शालेय पोषणाची योजना, शिजवलेलेच अन्न द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा आदेश, प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे तिचे प्रमाण. तिला आपण ‘खिचडी’ म्हणतो, आणि म्हणताना ओठ किंचित मुडपतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात तीत आठवड्याला एक अंडे आले, अंडे न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी सरकारने थांबवला. शाळांनी हवे तर लोकसहभागातून सोय करावी, असे सुचवले. ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांची. ज्यांच्या डब्यात उकडलेल्या अंड्याचे पिल्लू होऊन बसते, ती मुले बहुतांशी त्या शाळांत नाहीत. त्यांच्या पालकांकडे लोकसहभाग मागायला कोणी जातही नाही.